शंभरावा खडा

बोडक्या टेकडीवर जाणारा रस्ता कुठंच जात नाही. वर ना गाव, ना देऊळ, ना विहीर. बाहत्तरच्या दुष्काळात माणसांच्या हाताला काम द्यायचं होतं, आणि काम म्हटलं की सरकारला रस्ताच सुचतो, म्हणून खैरटाकळीच्या वेशीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत दीड मैलाचा रस्ता झाला. सात वळणं, तीन मोऱ्या, आणि वर पोचल्यावर एक लिंबाचं झाड. पाऊस झाला, काम बंद झालं, ओव्हरसियरनं टेप गुंडाळली आणि तो औंढ्याकडं निघून गेला. जाताना रस्त्याचं पुढं काय करायचं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

त्या रस्त्यात जनकाबाईचं दीड वर्ष गेलेलं. ती आणि तिचा नवरा ग्यानोबा, दोघं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कामावर होते. तो दगड फोडायचा, ती मुरूम वाहायची. टोपलं रिकामं केलं की ढिगाशेजारी एक खडा ठेवायचा आणि संध्याकाळी खेमा मुकादमानं खडे मोजायचे, अशी तिथली रीत होती. खडा नाही तर फेरी नाही. दिवसभर उन्हात मेलेली बाई खडा ठेवायला विसरली तर खेमा म्हणायचा, "मी तुझं तोंड बघून हजेरी लावू का बाई?" बोलायला तुसडा, पण मोजायला सरळ. त्यानं कुणाचा एक खडा कधी खाल्ला नाही. ग्यानोबा दुष्काळातून तगला आणि पुढच्या वर्षी, जोंधळा कमरेला लागला असताना, छातीच्या दुखण्यानं गेला. मागं जनकाबाई आणि दहा-अकरा वर्षांची चांगुणा राहिली.

बिनकामाचा रस्ता बघून सगळ्यात जास्त तकलीफ कुणाला झाली असेल तर ती बंडोपंत गुरुजींना. गुरुजी शाळेचे हेडमास्तर. ताटातलं शीत वाया गेलं तरी ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांतले. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात त्यांनी चावडीवर म्हटलं, दर एक मेला झेंडावंदन झालं की सगळ्या गावानं हा रस्ता धावत चढायचा. पोरं हसली, म्हातारी त्याहून हसली. गावातली सगळ्यात मोठी जमीन अमृतरावांची, तेही हसत हसत म्हणाले, "गुरुजी, शंभर माणसं वर पोचली तर त्या वर्षी गावाचं एक धर्माचं काम माझ्या खर्चानं. पण शंभर म्हणजे शंभर. नव्व्याण्णवाला आपला रामराम."

बोलले गमतीनं, पण शब्द मात्र दोन्ही बाजूंनी पाळला. पहिल्या वर्षी एकशे बारा चढले, शाळेवर पत्रे आले. दोन वर्षांनी एक्क्याण्णव भरले, तर बालवाडीच्या भिंती तशाच राहिल्या. अजून त्यात शेळ्या बसतात.

नियमही गुरुजींनीच घातले, पण रीत रस्त्याच्या कामावरचीच. पायथ्याला चुन्यात बुडवलेले पांढरे खडे ठेवायचे. ज्यानं त्यानं एक खडा उचलायचा, वर लिंबाखाली ठेवलेल्या टोपल्यात टाकायचा. माणशी एकच खडा. मोजणार खेमा, दुसरं कोण. मोजणाऱ्यानं धावायचं नाही, देणाऱ्यानं धावायचं नाही, आणि ज्याच्यासाठी धाव आहे त्यानंही धावायचं नाही. माथ्यावर रोवलेल्या झेंड्याच्या काठीची सावली भर दुपारी बुडाशी आली की धाव संपली. धाव म्हणायचं आपलं. दुसऱ्या वळणानंतर बहुतेक जण कमरेवर हात ठेवून चालतच असत.

वर पाणी नव्हतं. म्हणून लिंबाखाली एक मोठा रांजण पुरला आणि तो भरण्याचं काम जनकाबाईकडं आलं. दोन पायली जवारी मजुरी, अमृतरावांकडून. कोंबडं आरवायला ती हापशावर असायची. डोईवर घागर, काखेत कळशी, अशा तीन फेऱ्या. म्हणजे गाव पळायला उभं राहायच्या आधी ती टेकडी तीनदा चढून तीनदा उतरलेली असे. पहिल्या वर्षी त्या रांजणाला पुष्कळ जणांनी हात लावला नाही. जनकाबाई बौद्धवाड्यातली. अमृतराव तर घरून तांब्याची कळशी बैलांच्या दमणीत घालून घेऊन आले होते. गुरुजी मात्र रांजणापाशी गेले, दोन वाट्या पाणी सगळ्यांच्या देखत प्याले आणि भाषण न करता सावलीला बसले. दुसऱ्या वर्षी ऊन जरा जास्त होतं, दहा-बारा जण आडून आडून प्याले. चौथ्या वर्षापर्यंत रांजणापाशी रेटारेटी व्हायला लागली आणि अमृतरावांच्या दमणीत कळशी दिसेनाशी झाली. जनकाबाई हे सगळं बघत होती, पण बोलायची नाही. बोलण्याइतका दम तिच्यात उरलेलाच नसायचा.

एकोणऐंशीच्या मार्चअखेर चांगुणाला परभणीहून कागद आला. नर्सच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला होता. पोरगी आदल्या वर्षी दहावी पास झाली होती आणि तेव्हापासून आईच्या जोडीनं लोकांच्या रानात खुरपत होती. शिकवणार सरकार, पण दीड वर्षाची खानावळ, पांढरी पातळं, बूट, पत्र्याची पेटी हे आणायचं कुठून? जनकाबाईनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि गुरुजींकडं नेला. गुरुजींनी चावडीवर सांगून टाकलं, यंदाची धाव चांगुणासाठी.

"एका पोरीसाठी?" कुणीतरी कुरकुरलं. "आन् बालवाडीचं छप्पर?"

"गेल्या वर्षी तुमची सून औंढ्याच्या वाटेवर गाडीत बाळंत झाली," गुरुजी म्हणाले, "तेव्हा वर छप्पर कमी पडलं होतं की बाई कमी पडली होती?"

मग जनकाबाईनं महिनाभर गावातलं एक घर सोडलं नाही. दिवसभर खुरपून आली की पदर खोचून निघायची. जन्मात कधी कुणाच्या ओट्यावर उगीच न गेलेली बाई, तिला "पळायला या" म्हणून हात जोडत फिरायचं फार जड गेलं. केशरबाईचे गुडघे दुखत होते. तिनं येण्याच्या बदल्यात दोन दिवस कापसाच्या पऱ्हाट्या उपटून द्यायचं कबूल करून घेतलं. आणखी सहा जणांनी असाच एकेक दिवस लिहून घेतला. नानीबाई म्हणाली, "वर जाऊन मी काय करू गं?" जनकाबाई म्हणाली, "काई करू नको माय. खडा ठेव आन् ये." चांगुणा वहीच्या मागच्या पानावर नावं मांडत होती. शेवटी एकशे चार झाली. त्या दिवशी जनकाबाई भाकर न खाताच भिंतीला टेकून झोपी गेली.

एक मेच्या सकाळी हट्ट्याहून एक ट्रक आला. लग्नाचा होता. वरातीची माणसं कमी पडत होती, जेवण पुख्ख्याचं होतं. एकशे चारांतले पाच जण त्यात चढून गेले. कोण म्हणतं गावाला धावता येत नाही, ट्रकमागं तर चांगलेच धावले होते. जनकाबाई तेव्हा तिसरी घागर घेऊन पाचव्या वळणावर होती. तिला पत्ताच नव्हता.

तिसरी फेरी ओतून झाली, तशी ती खाली गेलीच नाही. लिंबाच्या मुळीवर बसून राहिली. पंचेचाळीस वर्षांचं शरीर. पण उजवा गुडघा सत्तरीचा झाला होता. एकेक माणूस घामाघूम वर येत होतं, टोपल्यात खडा टाकत होतं, रांजणाकडं वळत होतं. गुरुजी धोतर खोचून आले. केशरबाई रडत, देवाला शिव्या देत आली. नानीबाई आली आणि आडवीच झाली. काठीशेजारच्या दगडावर चांगुणा मांडीवर हात ठेवून बसली होती, धाव जिच्यासाठी तिनं बसायची ती जागा. अमृतराव दमणीतून उतरले, सावलीला बसले, वाटीभर पाणी मागून प्याले. साडेदहाच्या सुमाराला रस्त्यावर कुणी दिसेना, तेव्हा खेमानं टोपलं उपडं केलं.

त्यानं दोनदा मोजलं. मग मान वर न करता म्हणाला, "नव्व्याण्णव."

"परत मोज," गुरुजी म्हणाले.

"मोजलंय गुरुजी. रडून वाढत न्हाई."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. ट्रकची गोष्ट तेव्हा फुटली. चांगुणानं आईकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. महिनाभर जनकाबाईनं बोटांवर सारा गाव मोजला होता, म्हातारीकोतारी मोजली होती, आणि त्या एकशे चारांत ती स्वतः कुठंच नव्हती. दुसऱ्याला सुचलं नाही ते नाहीच, पण तिला तरी कुठं सुचलं? पाणी आणणारी बाई धावणाऱ्यांत धरायची असते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गुरुजींना ते आत्ता सुचलं. "अमृतराव, जनकाबाई आज तीनदा वर आल्यात. त्यांचा एक खडा धरा."

"व्हय," खेमा मध्येच बोलला. "आन् तिनं खडे बी ठेवलेत. त्ये बघा." रांजणाच्या काठाशी तीन काळे खडे ओळीत होते. रस्त्याच्या कामावरची सवय. घागर ओतली की हात आपोआप खाली जाऊन खडा ठेवायचा. तिला स्वतःलाही आता ते बघून नवल वाटलं.

अमृतराव खड्यांकडं बघून हसले. "गुरुजी, ती मजुरीवर चढली. दोन पायली जवारी ठरली तिची. मजुरीची फेरी धर्मात धरायची तर मग माझे बैल बी चढलेत की. त्यांचे बी दोन धरा." चार जण हसले. मग चांगुणाचा चेहरा त्यांना दिसला असावा. माणूस वाईट नव्हता, नुसता हिशेबाचा होता. "बरं, असं कर जनके. आजची मजुरी सोडली म्हण. मग ती फेरी धर्माची झाली. शंभर भरले. पोरगी परभणीला."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. केवढी सोपी गोष्ट. गुरुजी हळूच म्हणाले, "म्हणा जनकाबाई. दोन पायल्या मी देईन तुम्हाला."

जनकाबाईनं तोंड उघडलं. 'सोडली' एवढंच म्हणायचं होतं. आणि तिच्या डोळ्यांपुढं सासरा उभा राहिला. निजामाच्या राज्यात साहेबाचा तंबू पडला की गावातून हाक यायची आणि म्हातारा घागरी घेऊन निघायचा. पाटलाकडं लग्न असलं तरी तोच. दिवसभर पाणी, सरपण, निरोप. आणि संध्याकाळी पदरात शिळं तुकडं. मजुरी हा शब्द त्यानं उच्चारला असता तर पाठ फुटली असती. धर्म बदलला त्या वर्षी ग्यानोबानं ती कामं टाकली. त्याचं एकच म्हणणं असायचं, काम करू, दाम घेऊ, कमी दिलं तर भांडू, पण फुकट नाही.

"मालक," ती म्हणाली, "पाण्याची मजुरी मी सोडत न्हाई."

"जनकाबाई!" गुरुजी चमकले.

"फुकट पाणी आमच्या सासऱ्यानं लई वाह्यलं या गावाला. आता न्हाई. तुमाला खडा पायजे ना? खाली हायेत खडे. आणते मी."

अमृतरावांनी काठीकडं बोट केलं. सावली अजून दोन हात होती. "त्याच्या आत ये म्हणजे झालं," ते म्हणाले. ते आता हसत नव्हते.

वरून पहिलं वळण उतरेपर्यंत तिची मान ताठ होती. दुसऱ्या वळणावर तिचं धाबं दणाणलं. हे काय करून बसलीस जनके? दोन पायली जवारीपायी पोरीच्या ताटात माती कालवलीस? एक शब्द म्हणायचा होता, सगळा गाव तयार होता. ती स्वतःला शिव्या देत उतरत होती. गुडघा प्रत्येक पावलाला कळ देत होता. चांगुणा उद्यापासून पुन्हा खुरपं घेईल, पुढच्या वर्षी कुणाच्या तरी घरी देऊन टाकावी लागेल, आणि मरेपर्यंत तिला वाटेल की मायनं दोन पायल्या बघितल्या, माझं बघितलं नाही. हे मनात येताच जनकाबाईला हुंदका फुटला. रस्त्यावर कुणी नव्हतं, म्हणून तिनं तो आवरला नाही.

पायथ्याशी चुन्याचं घमेलं तसंच पडलं होतं. तिनं एक खडा उचलून पदराच्या टोकाला बांधला. घसा कोरडा ठणठणीत झाला होता. हापसा तिथून हाकेच्या अंतरावर, गावात. तिनं तिकडं पाहिलं, मग आपल्या पायाशी आखडलेली सावली पाहिली, आणि ती गावाकडं पाठ करून चढायला लागली.

डोकं रिकामं होतं. या रस्त्यावर ती कधी रिकाम्या डोक्यानं चढली नव्हती. आधी टोपलं, मग घागर. मानेला समजेना काय करावं. हात सारखा वर जात होता, काहीतरी सावरायला, आणि तिथं काही नसायचं. ओझं नसताना पाय हलके व्हायला हवेत. पण तिचे पाय ओझ्यालाच सरावलेले होते, रिकामेपणी ते कुठंही पडायला लागले. तिसऱ्या वळणावर ती ठेचकाळली, अंगठ्याचं नख उलटलं.

दुसऱ्या मोरीवर ती बसली. बसायचं नव्हतं, पायांनीच बसवलं. त्या मोरीचा कडेचा दगड ग्यानोबानं बसवलेला. तीन दिवस लागले होते त्याला तो ताशीव करायला, आणि ओव्हरसियरनं नुसतं "ठीक है" म्हटलं म्हणून तो दोन दिवस खुशीत होता.

"तुमच्या बोलण्यापायी चढून राहिले मी," ती दगडाला म्हणाली. "बराबर केलं का चूक केलं, ते बी सांगायला न्हाई तुमी." दगड उन्हानं तापला होता. तिला तिथंच आडवं व्हावंसं वाटलं, खरंच वाटलं. सगळं आयुष्य तिनं झोप उधार ठेवली होती आणि ती सगळी आता एकदम मागायला आली होती. मग वरून हाका ऐकू आल्या.

सातव्या वळणाच्या कडेला सारा गाव येऊन उभा होता. "चल गं जनके!" केशरबाई ओरडत होती. "चल माय, चल! पऱ्हाट्याचे दोन दिवस सोडले तुला!" एवढ्यातही जनकाबाईला हसू आलं. ज्यांना तिनं महिनाभर हात जोडून बोलावलं, ते आज तिला बोलावत होते. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. पुढचं सगळं तिला नीट आठवत नाही. सहावं वळण आठवतं, तिथं ती चार पायांवर होती. सातवं आठवत नाही. चांगुणा दगडावर बसलेली होती, कारण नियम होता. पण दोन्ही हातांनी तिनं दगडाच्या कडा धरून ठेवल्या होत्या.

खेमा टोपलं घेऊन दोन पावलं पुढं आला. मग स्वतःच थांबला, मागं गेला आणि टोपलं होतं तिथंच ठेवलं. चार बोटं सावली उरली होती. जनकाबाईनं पदराची गाठ सोडायला घेतली, गाठ सुटेना. शेवटी दातानं सोडली. खडा टोपल्यात पडला.

खेमानं तो उचलला, उलटून पाहिला, परत ठेवला. "शंभर," तो म्हणाला. दीड वर्ष तिच्या फेऱ्या मोजलेला माणूस. त्याचा आवाज आज पहिल्यांदा चिरकला.

माणसं ओरडली, टाळ्या पडल्या, कुणीतरी टोपी उडवली. अमृतराव उठून उभे राहिले. "झाले. माझा शब्द. पेटी मी स्वतः हिंगोलीहून आणून देतो." जरा थांबून म्हणाले, "आन् दोन पायल्या सांजच्याला घेऊन जा."

"येते," जनकाबाई म्हणाली. पण आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले. तिनं हातानं पाण्याची खूण केली.

गुरुजी लगबगीनं रांजणापाशी गेले. आत वाटी घातली. वाटी खाली तळाला खरखरली. त्यांनी आत वाकून पुन्हा घातली. मग ते वाटी हातात धरून तसेच उभे राहिले. नव्व्याण्णव माणसं, वर अमृतराव, त्यांचा गडी. सगळ्यांनी मिळून रांजण कोरडा केला होता. तिची वाट बघता बघता शेवटचं पाणीही संपलं होतं. आजवर ती स्वतः त्यातलं कधी प्याली नव्हती, म्हणून कुणाला ठेवायचं सुचलं नाही. ओरडा हळूहळू थांबला. पहिल्या वर्षी याच रांजणापासून लांब उभी राहिलेली माणसं आज रांजणात डोकावून बघत होती. एकेक जण खाली मान घालून बाजूला झाला.

चांगुणा उठली. कडेला आईची रिकामी घागर होती, ती तिनं उचलली. "माय, बस तू. मी आणते."

"ठेव ती," जनकाबाई म्हणाली. आता आवाज फुटला होता.

"तुला तहान लागली, माय."

"लागली. पर ही घागर तूच उचलायची व्हती, तर म्या चढले काहून?"

चांगुणानं घागर ठेवली. जनकाबाई थोडा वेळ बसली. मग उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर घागर, काखेत कळशी घेतली आणि उतरायला लागली. मान ओळखीच्या जागी आली, तसे पायही जरा नीट पडू लागले. चांगुणा मोकळ्या हातांनी तिच्या मागं होती. गावात आल्यावर पोरीनं हापसा मारला, आणि जनकाबाई ओंजळ धरून प्याली.